चोरटी जोडणी

सोमवार, ५ फेब्रुवारी

लॅपटॉपला काहीतरी झालं आहे. काय झालं आहे ते कळत नाही, म्हणून लिहून ठेवतो. नोकरीत असताना बिघाड झाला की आधी नोंद, मग पाना, अशी माझी शिस्त होती. निवृत्त झालो म्हणून ती सोडायची असं काही नाही.

तर नोंद अशी. सकाळी पुस्तिकेसाठी काही शोधायचं होतं. पाणीपुरवठ्यातली गळती कशी शोधावी, यावर नव्याने भरती होणाऱ्यांसाठी मी एक पुस्तिका लिहितो आहे. कुणी लिहायला सांगितलेली नाही, पण खात्यात आता पाइपला कान लावून ऐकणारा माणूस उरला नाही, म्हणून. मी टाइप केलं, ‘बिडाच्या जुन्या पाइपांचे सांधे’. उघडलं भलतंच पान. त्यावर केसांचं तेल आणि एक हसणारी बाई. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तीच बाई. खाली एक लाल चौकोन लुकलुकत होता, ‘तुमच्या संगणकाला धोका आहे’. ते मला दिसतंच आहे की! वर उजव्या कोपऱ्यात एक इवलीशी चंद्रकोर येऊन बसली आहे. ती काल नव्हती.

हिला विचारलं, ‘‘तू काही दाबलंस का?’’

‘‘मी कशाला काय दाबू?’’ म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. जरा घाईनेच गेली.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

हिच्या भावाला फोन केला. हा गृहस्थ बँकेत कॉम्प्युटरसमोर बसून निवृत्त झाला, त्यामुळे घराण्यातल्या सगळ्या यंत्रांवर त्याचा शब्द शेवटचा. म्हणाला, ‘‘भाऊजी, कॅश साफ करा, कुकीज उडवा.’’ मी विचारलं, त्याने काय होईल? म्हणाला, ‘‘बघू या ना काय होतंय ते.’’

साफ केलं. काही झालं नाही. मग मीच चंद्रकोरीवर माउस नेऊन उजवं बटण दाबलं. ‘काढून टाका’ असं आलं. काढून टाकली. हसणारी बाईसुद्धा गेली. मेहुण्याला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, ‘‘मी सांगितलं नव्हतं?’’

दुपारी पडून उठलो तर चंद्रकोर जागच्या जागी.

ही लॅपटॉपसमोर बसली होती, चष्मा नाकाच्या टोकावर. मला बघून झाकण मिटलं. म्हटलं, ‘‘काय बघत होतीस?’’

‘‘हवामान.’’

‘‘कुठलं?’’

‘‘बाहेरचं.’’ खिडकी तिच्या डाव्या हाताला सताड उघडी होती.

शनिवार, १० फेब्रुवारी

आता हा नेमच झाला आहे. सकाळी उठायचं, चंद्रकोर काढायची, चहा घ्यायचा. दुपारपर्यंत ती परत हजर. आज पाळत ठेवून बसलो. कुणी हात लावला नाही, काही दाबलं नाही, तरी दुपारच्या जेवणानंतर डोळ्यांदेखत उगवली. कुठेतरी पाणी मुरतंय. माझ्या बाजूचे सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत आणि तरी मीटर फिरतोय, म्हणजे पाणी दुसरीकडून येतंय. पण दुसरीकडे आहे कोण?

एक शोध मात्र लागला. चंद्रकोरीवर टिचकी मारली की आवाज येतो. जुना पंखा फिरावा तशी घरघर, संथ, न थांबणारी. मी घाबरून बंद केली. संध्याकाळी बाहेरून आलो तर बैठकीच्या खोलीत तीच घरघर चालू आणि ही हात मांडीवर ठेवून नुसती बसलेली. दिवा लावला नव्हता.

‘‘हे काय लावलंयस?’’

‘‘बरं वाटतं ऐकायला,’’ म्हणाली. ‘‘असू दे ना ते. तुमचं काय खातंय?’’

माझं काय खातंय! पुस्तिकेचं एक पान आठवडाभर पुढे सरकलेलं नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

हा व्हायरस साधा नाही. ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर पानं साठवून ठेवायची सोय असते, तिथे माझी खात्याची पानं असतात. आज तिथे एक नवीन पान. ‘सातव्या-आठव्या महिन्यात पायांना सूज का येते’. मी ते काही साठवलेलं नाही. माझ्या पायांना सूज नाही आणि माझा कुठला महिना चालू असण्याची शक्यताही नाही. या व्हायरसने मला कोण समजलं आहे कोण जाणे.

हिला हसत हसत दाखवलं. तिने ते पान शेवटपर्यंत वाचलं, अगदी सावकाश. मग म्हणाली, ‘‘काहीही येतं हल्ली.’’

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

कालच्या पानाशेजारी आज आणखी एक पान. ‘पायाखाली उशी घ्या, मीठ कमी करा’. म्हणजे हा व्हायरस स्वतःच विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो. मी हात टेकले.

मंगळवार, २० फेब्रुवारी

मेहुण्याचा नवा सल्ला, दोघांनी वेगवेगळी अकाउंटं उघडा. मी साफ नाही म्हणालो. माझा नियम पहिल्यापासून ठरलेला आहे. घर एक, तर मीटर एक. ही माझ्याच अकाउंटवर बघते. लेकीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेऊन दिला तेव्हा त्यातही मी माझंच अकाउंट टाकून दिलं होतं. एका घरात तीन-तीन पासवर्ड हवेत कशाला?

लेकीचा विषय निघालाच आहे तर तोही लिहून टाकतो, एरवी या घरात तो निघत नाही. तिने लग्न तिच्या मनाने ठरवलं. मी माझ्या मनाने नाही म्हटलं. ती लॅपटॉप आणि कपड्यांची बॅग घेऊन गेली. जाताना मी सांगितलं, फोन करायचा नाही, पत्र पाठवायचं नाही, इकडून तिकडे नाही आणि तिकडून इकडे नाही. हिलाही तेच बजावलं. पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. तिने नंबरही बदलला म्हणे. हे मला हिच्याकडून कळलं आणि हिला ते कसं कळलं हे मी विचारलं नाही.

रविवार, ३ मार्च

मधे काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नवीन काही नव्हतं. चंद्रकोर काढतो, येते. पट्टीवर पानं येतात. ‘कुशीवर झोपावं की पाठीवर’, ‘पोटात लाथा कमी वाटतात, काळजी करावी का’. दुसऱ्या दिवशी शेजारी उत्तराचं पान. हा लाथांचा प्रश्न आला त्या दिवशी ही जेवलीच नाही. पोट बिघडलंय म्हणाली. संध्याकाळी लॅपटॉपपाशी जाऊन आली आणि मग दोन घास खाल्ले.

हिने जुन्या सुती चादरी काढून त्यांचे चौकोन कापले आहेत. धुऊन धुऊन इतके मऊ केले की हातातून निसटतात. त्यातल्या एकाने मी लॅपटॉपचा पडदा पुसला. केवढी चिडली! ‘‘ते फडकं पुसायचं नाही!’’ फडकं पुसायचं नाही तर करायचं काय, हे काही तिने सांगितलं नाही.

गुरुवार, १४ मार्च

आज पट्टीवर पान आलं, ‘नवजात बाळ सारखं का शिंकतं’. मी हिला म्हटलं, ‘‘घ्या, व्हायरसला बाळ झालं!’’

ही माझ्याकडे बघतच राहिली. मग पदराने तोंड पुसत आत गेली. दुपारी जेवणात गोड होतं. म्हटलं, कशाबद्दल? म्हणाली, सहज. मी दोनदा वाढून घेतलं. उत्तराचं पान तोवर पट्टीवर आलेलं होतं, ‘शिंकणं चांगलं, घाबरू नये’.

शुक्रवार, ५ एप्रिल

पुस्तिका बंद, डोकं बंद. जाहिराती इतक्या झाल्या आहेत की एक मिटवावी तर दोन उघडतात. आज ठरवलं, लॅपटॉप दुरुस्तीला न्यायचा. हिला सांगितलं तर म्हणाली, ‘‘कशाला उगाच? चाललंय ना आपलं.’’ मग चार्जर सापडेना. घर पालथं घातलं. अखेर स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे सापडला. तिथे कसा गेला? ही म्हणाली, तुम्हीच ठेवला असेल. मी कशाला चार्जर डब्यांच्या मागे ठेवीन? पण हल्ली माझा माझ्यावरही भरवसा राहिलेला नाही.

शनिवार, ६ एप्रिल

सापडला! चोर सापडला!

दुरुस्तीच्या दुकानात एक बाई बसतात. चष्म्याला दोरी, समोर उघडलेल्या यंत्रांचा ढीग, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी आधी मला नीट न्याहाळलं. ‘‘काका, कुठल्या कुठल्या साइटी बघता?’’ मी म्हटलं, बिडाच्या पाइपांच्या. त्यांनी पट्टीवरची बाळंतपणाची पानं बघितली आणि पुढे काही विचारलं नाही.

मग अकाउंट उघडून म्हणाल्या, ‘‘हे दुसरं मशीन तुमचंच ना?’’ पडद्यावर एका लॅपटॉपचा लांबलचक नंबर आणि त्याखाली एका गावाचं नाव होतं, बसने जावं लागतं असं. ‘‘आज सकाळीही चालू होतं. ते चंद्रकोरीचं एक्स्टेन्शन तिथून टाकलं जातंय. अकाउंट एकच आहे ना, म्हणून तिकडे टाकलं की इकडे येतं. तुम्ही इकडे काढलं की तिकडूनही जातं.’’

मला एकदम उजेड पडला. एक टाकी, दोन नळ! माझ्या लाइनीवर कुणीतरी चोरून जोडणी घेतली होती आणि मी वेड्यासारखा माझ्याच बाजूचे सांधे तपासत बसलो होतो.

‘‘घरात कुणाचं असेल तर आधी विचारून घ्या,’’ बाई म्हणाल्या.

‘‘घरात आम्ही दोघंच. तोडा!’’

‘‘पासवर्डही बदलावा लागेल. जुना फार सोपा आहे.’’

‘‘बदला!’’

बटण त्या दाबणार होत्या, पण मी म्हटलं, थांबा, मी दाबतो. आयुष्यभर चोरट्या जोडण्या तोडल्या, ही शेवटची. दाबलं. ते दुसरं मशीन यादीतून नाहीसं झालं. बाईंनी चंद्रकोर काढली, आणखी कुठे कुठे लपलेला कचरा काढला आणि नवा पासवर्ड कागदावर लिहून दिला. अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळी खिचडी. कुणालाही सांगायचा नाही म्हणाल्या.

घरी येऊन हिला सगळं रंगवून सांगितलं. ही उभी होती ती खाली बसली. म्हणाली, ‘‘तोडलंत?’’

‘‘मुळापासून!’’

ही उठली. वाळत घातलेली चौकोनी फडकी काढून आणली आणि घडी घालत बसली. मला वाटलं होतं, कौतुक करील.

मंगळवार, ९ एप्रिल

लॅपटॉप स्वच्छ आहे. पुस्तिकेला आता कसली अडचण नाही. तरी एक ओळ लिहून झालेली नाही.

ही बोलत नाही. रुसली असती तर मला कळलं असतं, तिचा रुसवा मला चांगला ओळखू येतो, भांड्यांच्या आवाजावरून. हे तसं नाही. भांडी अलगद ठेवते. विचारलं की उत्तर देते. दुपारी लॅपटॉप उघडते, वरच्या पट्टीकडे बघते, बंद करते. मग थोड्या वेळाने पुन्हा उघडते. मीही बघितलं. पट्टीवर नवीन काही नाही. सकाळी उठून काढायला चंद्रकोरही नाही, त्यामुळे चहाच्या आधी काय करायचं ते समजत नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

बराच विचार केला. मला वाटतं, तिला त्या घरघरीची सवय झाली होती. बरं वाटतं ऐकायला, असं ती स्वतःच म्हणाली होती. मी एवढ्या फुशारकीने आलो आणि तिचा तेवढा विरंगुळा तोडून टाकला.

उद्या काहीतरी करतो.

शुक्रवार, १२ एप्रिल

आज मी जे केलं ते खात्यात कुणाला सांगितलं असतं तर पेन्शन थांबवलं असतं. ही बाजारात गेली होती. मी लॅपटॉप उघडून ती चंद्रकोर शोधून काढली आणि माझ्या हाताने परत टाकली. ते विचारत होतं, ‘तुमची सगळी पानं वाचण्याची परवानगी द्याल?’ दिली. ‘सूचना पाठवू?’ पाठवा. हसणारी बाई परत आली, लाल चौकोन परत आला, सगळं वऱ्हाड आलं. मग टिचकी मारून घरघर चालू केली आणि हिची वाट बघत बसलो.

ही दारात आली. आवाज ऐकला आणि पिशवी तिथेच टाकून धावत लॅपटॉपपाशी आली. वरची पट्टी बघितली. खाली सरकवून बघितलं, पुन्हा वर. मग माझ्याकडे वळली.

‘‘ही चंद्रकोर कुणी टाकली?’’

‘‘मी. तुझ्यासाठी. तुला आवाज आवडतो ना.’’

आधी तिला हसू आलं. मग ती जी रडायला लागली ती थांबेचना. मी इतका गोंधळलो की लॅपटॉपच बंद केला, जणू तोच रडत होता.

‘‘अहो, तो चोर नव्हता,’’ ती म्हणाली. ‘‘आपली पोर होती.’’

मला काही कळलं नाही. म्हणजे शब्द कळले. पायांची सूज कुणाच्या पायांची, लाथा कुणाच्या पोटातल्या, हे ती एकेक करून सांगत गेली आणि मी प्रत्येक वेळी ‘हो, ते पान मी पाहिलं होतं’ एवढंच म्हणत गेलो. मीच तर ती पानं हिला हसत हसत दाखवली होती. झोप लागायची नाही म्हणून पोर तिकडे दुपारी ती घरघर लावायची. आणि उत्तरांची पानं? ती हिने साठवलेली.

मी म्हटलं, ‘‘मी सांगितलं होतं ना तुला?’’

‘‘तुम्ही सांगितलं होतंत, फोन करायचा नाही, पत्र पाठवायचं नाही. मी फोन केला नाही. पत्र पाठवलं नाही. तुमचा शब्द मोडलेला नाही मी.’’



‘‘मग आता?’’ मी विचारलं.

‘‘आता काय! तिला वाटलं असेल, बाबांना कळलं आणि त्यांनी तेवढंही तोडलं. तिचा नंबर माझ्याकडे नाही. घर कुठलं ते माहीत नाही. तेवढी एक पट्टी होती.’’

मुलगा आहे की मुलगी, तेही हिला माहीत नाही. तसं पान कधी आलं नाही.

शनिवार, १३ एप्रिल

दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेलो. म्हटलं, ते दुसरं मशीन परत जोडून द्या.

‘‘ते चोराचं होतं ना?’’

‘‘नव्हतं.’’

त्यांनी लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला. ‘‘काका, लोक हे काढायला येतात. तुम्ही परत टाकून आणलंत?’’ मी म्हटलं, तो वेगळा विषय आहे. त्यांनी चंद्रकोर पुन्हा काढली. पण मशीन जोडता येत नाही म्हणाल्या. त्या मशीनवर, तिथे बसून, ज्याचं त्याने नवा पासवर्ड टाकायला हवा. इकडून काहीही करता येत नाही.

‘‘म्हणजे तिथे जावं लागेल?’’

‘‘किंवा फोन करा.’’

मी आभार मानून निघालो.

घरी आलो तर हिने पट्टीवरची जुनी पानं उघडली होती. शेवटचं पान मी मशीन तोडलं त्याच्या आदल्या दिवसाचं, लेकीने साठवलेलं. त्यात काही विचारलेलं नव्हतं. त्या गावातल्या एका दवाखान्याचं पान होतं. ‘सहा आठवड्यांपासून पुढच्या बाळांना लस, दर बुधवारी सकाळी’. खाली पत्ता.

‘‘हे कशाला साठवलं असेल तिने?’’ मी विचारलं.

ही माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिली की मी लगेच बसच्या वेळा बघायला घेतल्या.

बुधवार, १७ एप्रिल

मी त्या गावी गेलो ते एवढ्यासाठीच की लेकीच्या मशीनमध्ये अजून तो व्हायरस आहे आणि तो काढून द्यायला हवा. उघड्या लाइनीत घाण राहू देणं बरं नाही. हिलाही तसं सांगितलं. ‘‘बरं,’’ म्हणाली आणि फडक्यांची पिशवी घेतली.

दवाखान्यात एक लांब बाक, वजनाचा काटा, भिंतीवर दात घासणाऱ्या हत्तीचं चित्र. आम्ही दुपारी दार बंद होईपर्यंत बसलो. दार वाजलं की ही उठायची, पदर सारखा करायची, परत बसायची. लेक आली नाही. खिडकीतल्या नर्सला विचारलं, तर म्हणाली, आम्ही कुणाची नावं सांगत नाही. बरोबर आहे तिचं. बरोबर असून इतका राग आलेला मला आठवत नाही.

परतताना बसमध्ये ही म्हणाली, ‘‘बाळ आजारी नसेल ना?’’ आता उत्तराचं पान कुठून आणू?

मंगळवार, २३ एप्रिल

नवा पासवर्ड पाठ केला. उद्या भेट झालीच तर चिठ्ठी शोधत बसायला नको. चहा घेताना हिला न अडखळता म्हणून दाखवला. ती म्हणाली, कुणाला सांगायचा नव्हता ना? मी म्हटलं, तू कुणी आहेस का?

पण लेक आली नाही तर? आणि आली आणि आम्हाला बघून मागे वळली तर? हिला विचारलं नाही. ती पिशवी भरत होती.

बुधवार, २४ एप्रिल

हे घरी येऊन लिहितो आहे. 

आम्ही बसलो आणि थोड्या वेळात ती आली. एकटीच. खांद्यावर बाळ, हाताला पिशवी, केस कसेतरी बांधलेले. चांगलीच वाळली आहे. आधी तिने आईला बघितलं. मग मला. दारातच थांबली, आत येईना आणि बाहेर जाईना. ही उठून उभी राहिली, पण हिचा पाय पुढे पडेना. हिने माझ्याकडे बघितलं. म्हणजे बोलायचं मी होतं.

मी म्हटलं, ‘‘तुझ्या मशीनमध्ये व्हायरस आहे.’’

दोन वर्षांनी लेकीशी बोललेलं पहिलं वाक्य हे. वाटेत मी दुसरं काहीतरी ठरवलं होतं, पण ते ऐन वेळी सापडलं नाही.

‘‘माहीत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘त्या चंद्रकोरीमुळे येतो.’’

‘‘मग काढलीस का नाही?’’

‘‘तुम्ही काढायचात ना.’’ ती माझ्याकडे बघत नव्हती, बाळाच्या पाठीवर थोपटत होती. ‘‘सकाळी मशीन उघडलं की ती गेलेली असायची. आई कशाला काढेल? मला कळायचं, बाबा उठले. मग दुपारी मी परत टाकायचे.’’

 दोन महिने मी ज्या व्हायरसशी झुंजत होतो तो तिकडे रोज माझी खुशाली घेत होता.

‘‘मग एक दिवस मशीनने बाहेरच काढलं. म्हणालं, पासवर्ड बदललाय. म्हटलं, झालं, आता खरोखर संपलं.’’ मग आवाज सारखा करून म्हणाली, ‘‘मागच्या बुधवारी याला ताप होता. म्हणून आले नाही.’’

‘‘याला?’’ ही म्हणाली. तेवढंच म्हणाली आणि तोंडावर हात धरला.

बाक भरलेला होता, सगळ्या बाया आमच्याकडे बघत होत्या.  चोर समजून तोडलं, हे दवाखान्यात उभं राहून कसं सांगायचं? सांगितलं तर ती म्हणाली असती, चोर? आणि मग?

‘‘नवा पासवर्ड काय आहे?’’ तिनेच विचारलं. ‘‘द्यायचा असला तर.’’

पासवर्ड माझ्या जिभेवर होता. सुरुवातीचं अक्षर ओठांपर्यंत आलं होतं.

‘‘पाठ नाही,’’ मी म्हटलं. ‘‘घरी कागदावर लिहिलाय. घरी येऊन बघावा लागेल.’’

हिने एकदम मान वळवून माझ्याकडे बघितलं. कालच चहा घेताना तिने तो माझ्या तोंडून घडाघडा ऐकला होता. पण मूग गिळून गप्प राहिली, देव तिचं भलं करो.

लेकीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मला वाटलं, वळणार, जाणार. आतून नर्सने हाक मारली. तिने ओ दिली.

‘‘थांबा मग,’’ ती म्हणाली. ‘‘याची सुई होऊ दे. पण मला आधी फॉर्म भरायचाय.’’ आणि तिने पिशवी आईकडे दिली आणि ते गाठोडं माझ्याकडे.

ते गरम होतं, हलत होतं आणि वाटलं त्यापेक्षा जड होतं. कुठून धरायचं काही समजेना. मी दोन्ही हात पुढे करून नुसता उभा.

‘‘डोक्याखाली हात घ्या, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘हां, असा.’’